मदत हवी आहे: समसीमांत उपयोगितेचं गणित २२० रुपयांत जुळत नाही

सिडकोची_सून:
नमस्कार मंडळी. मी मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतेय, अर्थशास्त्र घेतलंय. विद्यापीठ आमच्याच नाशकात, गंगापूर धरणाजवळ, पण रात्री नऊनंतर अडलं की विचारायला शेजारी कोणी नाही. म्हणून इथे.

ग्राहकाचा समतोल चाललाय. समसीमांत उपयोगितेचा नियम पाठ आहे: प्रत्येक वस्तूची सीमांत उपयोगिता (म्हणजे आणखी एक नग घेतल्याने वाढणारं समाधान) भागिले तिची किंमत, हे उत्तर सगळ्या वस्तूंचं सारखं आलं की एकूण उपयोगिता महत्तम. पुस्तकात सफरचंद आणि संत्री आहेत. नाशकात राहून सफरचंदावर कशाला गणित करायचं, म्हणून मी द्राक्षं आणि चिवडा घेतला. भाव सोयीसाठी धरलेत, त्यावरून भांडू नका.

द्राक्षं, अर्धा किलो ४० रुपये. प्रत्येक पुढच्या अर्ध्या किलोची उपयोगिता: १२०, १००, ८०, ४०, २०.
चिवडा, पुडा २० रुपये. उपयोगिता: ७०, ५०, ४०, २०, १०.

जवळ १८० रुपये असले तर छान जुळतं. द्राक्षं तीनदा, चिवडा तीनदा, दोन्हीकडे रुपयामागे २, एकूण ४६०. पण रक्कम २२० केली की घोळ. वरच्या ४० रुपयांत चौथा अर्धा किलो घेतला तर एकूण ५००, दोन पुडे घेतले तर ४९०. म्हणजे द्राक्षंच घ्यायची. पण आता द्राक्षांचं रुपयामागे १ आणि चिवड्याचं २! नियम म्हणतो चिवड्याकडे पैसे वळव, वळवले तर उपयोगिता घटते. नियम खोटा की माझं कोष्टक?

आणि दुसरं. बुधवारी गंगेवरच्या (म्हणजे आमच्या गोदावरीकाठच्या) बाजारात उपयोगितेची ही एककं मोजतं कोण? जाऊबाई वहीत डोकावून म्हणाल्या, "समाधानाला वजनकाटा लावलाय होय!" त्यांना काय सांगू?

जुना_मास्तर:
ताई, कोष्टक बरोबर आहे आणि नियमही. तुम्ही बघताय ते शेवटी *घेतलेल्या* नगाचं गुणोत्तर. तुलना करायची ती शेवटी घेतलेल्या नगाची आणि दुसऱ्या वस्तूच्या *पुढच्या* नगाची. चौथ्या अर्ध्या किलोने रुपयामागे १ दिलं. चिवड्याचा पुढचा, म्हणजे चौथा पुडा किती देणार? २० भागिले २०, एकच. पाचवा तर अर्धाच. मग पैसे वळवून फायदा कसा होईल?

तिसऱ्या पुड्याने २ दिलं ते खरं, पण तो तुमच्या पिशवीत आधीच पडलाय.

पूर्ण समानता येण्यासाठी वस्तू हवी तेवढी बारीक तोडता यावी लागते. हे गृहीतक पुस्तकात एका ओळीत असतं आणि विद्यार्थी नेमकी तीच ओळ गाळतात. तुमचंच उदाहरण घ्या. चिवड्याचा पुडा कोणी फोडून देत नाही, पण द्राक्षं पाव किलो मिळतात. समजा चौथ्या अर्ध्या किलोतल्या पहिल्या पावाची उपयोगिता २२, दुसऱ्याची १८. आता तीन अर्धे किलो, एक पाव आणि चार पुडे घ्या. खर्च १४० अधिक ८०, बरोबर २२०. एकूण उपयोगिता मोजा.

सिडकोची_सून:
३०० + २२ + १८० = ५०२! पाचशेच्या वर गेलं. आणि गुणोत्तरं १.१ आणि १, जवळजवळ सारखी.

जुना_मास्तर:
झालं तर मग. नग जितका लहान तितकी गुणोत्तरं जवळ येतात. ह्याला गोसेनचा दुसरा नियमही म्हणतात. हर्मान गोसेन, जर्मन माणूस, १८५४ साली पुस्तक काढलं. कोणी विचारलं नाही म्हणून वैतागून उरलेल्या प्रती त्याने परत घेतल्या. आपल्याकडे तो पोचला इंग्रज अर्थशास्त्रज्ञ मार्शलच्या १८९० च्या ग्रंथाच्या वाटेने, म्हणून उत्तरपत्रिकेत मार्शलचं नाव असतं आणि बिचाऱ्या गोसेनचं बहुतेकदा नसतं.

गल्ल्यावरून:
मास्तर, माझं रविवार कारंजाजवळ किराण्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक मोजत नाही असं ज्याला वाटतं त्याने एक दिवस माझ्या गल्ल्यावर बसावं. बिल होतं, पाकीट उघडतं आणि चाळीस-पन्नास कमी निघतात. मग काय परत ठेवतात बघा. मिठाची पुडी नाही, तेलाची पिशवी नाही. बिस्किटाचा *दुसरा* पुडा. पहिला पोराच्या हातात असतो, त्याला कोणी हात लावत नाही. मीठ एवढं लागतं तरी त्याच्या तीन पिशव्या कोणी नेत नाही. सीमांत म्हणतात ते हेच ना?

जुना_मास्तर:
हेच. वर्गात हे उदाहरण असतं तर माझी निम्मी वर्षं वाचली असती.

ओझरचा_पाहुणा:
जाऊबाईंच्या शंकेवर लिहितो, कारण ती शंका अर्थशास्त्रज्ञांनाही होतीच. हिक्स आणि ॲलन यांनी १९३४ मध्ये एककांशिवाय काम भागवलं. समाधान किती, हे विचारायचंच नाही, फक्त ह्यातलं जास्त आवडीचं कुठलं, एवढंच. त्यातून समवृत्ती वक्र येतो, म्हणजे सारखंच समाधान देणाऱ्या सगळ्या जोड्या जोडणारी रेषा.

जाऊबाईंना असं विचारा: शेवटच्या अर्ध्या किलो द्राक्षांसाठी तुम्ही चिवड्याचे किती पुडे सोडाल? बाजार सांगतो दोन, कारण ४० ला २० ने भागलं. त्या म्हणाल्या "तीन सोडेन", तर त्यांनी अजून द्राक्षं घ्यावीत. "एकच" म्हणाल्या तर चिवडा घ्यावा. "दोन" म्हणाल्या तर त्या समतोलावर आहेत. आकृतीत अंदाजपत्रक रेषा (जवळच्या पैशात येणाऱ्या जोड्यांची रेषा) वक्राला स्पर्श करते तो हाच बिंदू. वजनकाटा लागला नाही.

सिडकोची_सून:
विचारलं. म्हणाल्या, "आज संकष्टी आहे, पोह्याचा चिवडा आणून काय करू?" आता?

ओझरचा_पाहुणा:
हाहा, जाऊबाई पेपर काढायला बसल्या तर सगळे नापास. आज त्यांच्यासाठी पहिल्याच पुड्याची उपयोगिता शून्य. मग सगळे पैसे द्राक्षांवर, आणि गुणोत्तरं समान करायचा प्रश्नच नाही. ह्याला कोपऱ्यातला समतोल म्हणतात. द्राक्षांनी पोट भरलं तर उरलेले पैसे पर्समध्ये, पैसा ही तिसरी वस्तू धरायची.

गल्ल्यावरून:
"दोनावर एक मोफत" असतं तेव्हा काय होतं तेही सांगा कोणीतरी. माल तसाच जास्त जातो.

जुना_मास्तर:
तिसऱ्या पुड्याची किंमत शून्य झाली, म्हणून उपयोगिता थोडी जरी असली तरी तो घेणं शहाणपणाचं दिसतं. खरा निर्णय असतो दुसऱ्या पुड्याचा. एकच हवा असताना दुसऱ्यावर २० रुपये टाकले, तर त्या २० मध्ये दुसरा आणि तिसरा दोन्ही आले. त्या दोघांची मिळून उपयोगिता बघायची. चिवडा महिनाभरात खवट होणार असेल तर ती फार नाही.

सिडकोची_सून:
दोन्ही कळलं, सगळ्यांचे आभार. शेवटचं विचारते: परीक्षेत अविभाज्य, म्हणजे तोडून न मिळणाऱ्या, वस्तूचं गणित आलं आणि गुणोत्तरं जुळली नाहीत तर उत्तराखाली काय लिहू?

जुना_मास्तर:
एक ओळ लिहा: "दिलेल्या उत्पन्नात कोणताही एक नग बदलून एकूण उपयोगिता वाढत नाही, म्हणून हाच समतोल." आणि वर कोष्टकात प्रत्येक वस्तूच्या पुढच्या नगाचं गुणोत्तर वेगळ्या रकान्यात मांडा. तपासणारा तो रकाना आधी बघतो.