टायपो सुधारणारे पीआर: घ्यायचे की सरळ बंद करायचे?

कोरा_कागद
मंडळी, आम्ही तिघं मिळून एक छोटी पायथन लायब्ररी (पायथन भाषेतला, इतरांनी आपल्या प्रोग्रॅममधे वापरायचा तयार कोड) सांभाळतो, फुकट, रात्री घरातले झोपले की. काम एकच, मराठीत अक्षरी लिहिलेला आकडा वाचून संख्या काढायची. 'पाच हजार तीनशे' दिलं की ५३००. पारंपरिक मोजणी पण येते, सव्वाशे, अडीचशे, पावणेदोनशे वगैरे.

गेल्या आठवड्यात एका नवीन पोराचा पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझे बदल तुमच्या कोडमधे घ्या' अशी विनंती) आला, कॉलेजातला असावा. नाव 'फिक्स टायपोज', ३१ फायली, ५८ ओळी. उघडून बघतो तर सगळं कमेंटमधलं (कोडमधल्या नुसत्या माणसांनी वाचायच्या ओळी), रिसीव्हच्या स्पेलिंगात आय आधी की ई आधी, सेपरेटमधे ए च्या जागी ई, असलं. शेवटी टेस्टच्या (कोड नीट चालतो का ते तपासणाऱ्या कोडच्या) फोल्डरमधे पण सात-आठ ठिकाणी हात फिरवलेला. कोडच्या वागण्यात फरक शून्य. मी 'थँक्यू, पण नको' लिहून बंद केला. आमच्यातल्या एकीने अर्ध्या तासात परत उघडला आणि ग्रुपवर मला सुनावलं की तू माज करतोस.

तर हा माज आहे का? प्रामाणिक मतं द्या, शिव्या चालतील.
(संपादित)

खडूस_रिव्ह्यूअर
कसला माज, बरोबर केलंत. हिशोब बघा ना, त्या पोराने एक टूल चालवलं असणार, दहा मिनिटांचं काम, आणि तुम्ही ५८ ओळी एकेक करून बघायच्या की ह्याने स्पेलिंगच्या नावाखाली अजून काही हलवलं नाही ना. वर ब्लेमची (कुठली ओळ कोणी, कधी लिहिली ते दाखवणारी सोय) वाट लागते ती वेगळीच. एखादी विचित्र ओळ दिसली, कोणी आणि का लिहिली म्हणून इतिहास बघायला गेलं की समोर काय, तर 'फिक्स टायपोज'. मूळ कमिट (नोंदवलेला बदल) त्याच्या मागे दडलेला.

आणि २०२० चा हॅक्टोबरफेस्ट (ऑक्टोबरभर लोकांना पीआर टाकायला लावणारा उपक्रम) विसरलात काय? डिजिटलओशनवाले २०१४ पासून चालवतायत, त्यावर्षी चार पीआर टाका आणि टीशर्ट घ्या अशी स्कीम होती. आपल्याकडच्याच एका व्हिडिओत दाखवलं की रीडमीमधे कुठेतरी 'अमेझिंग प्रोजेक्ट' असं घुसडलं तरी पीआर होतो, झालं, जगभरच्या मेंटेनरांच्या इनबॉक्समधे कचरा. महिना सुरू होऊन चार दिवस होत नाहीत तोवर नियम बदलावा लागला, ज्या रेपोने (प्रोजेक्टच्या कोडसाठ्याने) स्वतःहून होकार दिलाय तिथलेच पीआर मोजायचे. टीशर्टपायी हे सगळं. एकदा दार उघडं ठेवलं की असंच होतं.

नवशिक्या_नाही_आता
तीव्र असहमत. माझा आयुष्यातला पहिला पीआर टायपोचा होता, एक अक्षर. त्या एका अक्षरासाठी मी फोर्क म्हणजे काय, ब्रँच कशी काढायची, रीबेस करताना सगळं घालवून परत कसं आणायचं हे तीन रात्री बसून शिकलो. समोरच्याने 'थँक्स, मर्ज्ड' (बदल घेतला) एवढंच लिहिलं होतं आणि मी तो स्क्रीनशॉट आईला दाखवला, तिला काही कळलं नाही तो भाग वेगळा. तेव्हा कोणी 'नको' म्हटलं असतं तर मी परत फिरकलो नसतो, सरळ सांगतो. आज त्याच प्रोजेक्टचं अर्धं डॉक्युमेंटेशन मी सांभाळतो.

आणि एवढाच तोरा असेल तर लिनक्स कर्नलकडे (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) बघा. तिथे तर चुकलेल्या स्पेलिंगांची फाईलच ठेवलीय, चूक आणि शेजारी बरोबर, आणि पॅच (पाठवलेले बदल) तपासणारी स्क्रिप्ट ती वाचून ओरडते. किरकोळ पॅचसाठी वेगळी वाट असायची आणि त्या नियमांत स्पष्ट होतं की डॉक्युमेंटेशनमधलं स्पेलिंग चालेल, आणि ज्या चुकीमुळे ग्रेप (फायलींत शब्द शोधायचं टूल) फसेल ती पण चालेल. ग्रेपचा मुद्दा लक्षात घ्या. तुम्ही 'सेपरेटर' बरोबर स्पेलिंगने शोधताय आणि कमेंटमधे ते चुकीचं लिहिलंय, तर ती कमेंट तुमच्यापुरती अस्तित्वातच नाही.

अर्धविराम
अवांतर: धागाकर्ते, 'पारंपारीक' असा शब्द मराठीत नाही. परंपरेपासून पारंपरिक. पा ला काना, पुढच्या प ला नाही, आणि रि ऱ्हस्व. टायपोवर धागा काढताना एवढं तरी बघावं.

कोरा_कागद
@अर्धविराम केला दुरुस्त, आभारी आहे.

मिनिटभर
@अर्धविराम कुठे आहे पारंपारीक? मला तर धाग्यात बरोबर दिसतंय. उगाच काड्या.

अर्धविराम
अहो त्यांनी आत्ता बदललं! आता मीच वेड्यासारखा दिसतोय.

खडूस_रिव्ह्यूअर
हेच ते. ब्लेमची वाट लागते म्हणजे काय ते काकांनी स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. हलकेच घ्या, काका.

मिनिटभर
ब्लेमला औषध आहे की. २०१९ मधे गिट (कोडचा इतिहास ठेवणारं टूल) २.२३ आलं तेव्हापासून एका फाईलमधे कमिटांचे हॅश (ओळखक्रमांक) लिहून ठेवायचे आणि ब्लेमला सांगायचं की ह्यांना वगळून दाखव. सगळे टायपो एका कमिटमधे कोंबा, त्याचा हॅश तिथे टाका, पाच मिनिटं. आणि दर वेळी माणसाशी भांडण्यापेक्षा सीआयमधे (प्रत्येक बदलावर आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा) कोडस्पेल (स्पेलिंग तपासणारं टूल) लावून टाका, नवीन चुका दारातच अडतील.

टेस्टवाली
सगळे कमेंट आणि टेस्ट एकाच टोपलीत टाकून भांडताय म्हणून लिहायला आले. टेस्टमधला टायपो ही वेगळी भानगड आहे, मी हेच काम करते, पोटापाण्याचं.

कमेंटमधे चूक असली तर फार तर हसं होईल. टेस्टमधल्या चुकीने टेस्ट गपचूप झोपते आणि कोणाला कळत नाही. पायटेस्टला (पायथनच्या टेस्ट चालवणारं टूल) फंक्शनचं नाव 'टेस्ट' ने सुरू झालेलं लागतं, तुम्ही घाईत ई आणि एस उलटे टाईप केले की 'त्सेट' होतं, मग ते फंक्शन तो उचलतच नाही. लाल नाही, पिवळं नाही, काहीच नाही, बाकी सगळं हिरवं. किंवा कॉपी-पेस्ट करताना दोन टेस्टची नावं सेम राहिली की खालची वरचीला खाऊन टाकते. आमच्याकडे एका जुन्या नोकरीत पैसे परत करायच्या हिशोबाची टेस्ट अशी आठ महिने झोपली होती, रोज सकाळी हिरवं बघून सगळे चहाला जायचो.

पायथनच्या मॉकचं तर ह्याहून भारी आहे. मॉक म्हणजे खोटा माणूस उभा करायचा, त्याला काहीही विचारा, तो हो म्हणतो. म्हणजे 'हे फंक्शन एकदाच बोलावलं गेलं ना' हे तपासणाऱ्या असर्टचं स्पेलिंग चुकलं, तरी तो म्हणणार हो साहेब, आणि टेस्ट पास. शेवटी २०१५ च्या पायथन ३.५ मधे त्यांनी खास सोय केली, असर्टमधले ई आणि आर उलटे पडून जे 'अस्रेट' होतं ना, त्या नावाने कोणी हाक मारली की एरर द्यायचा. पुढे अजून तीन-चार चुकीची स्पेलिंगं त्या यादीत घातली. म्हणजे बघा, एका टायपोसाठी खुद्द भाषेच्या लायब्ररीत कोड लिहावा लागला.

आता ह्याची दुसरी बाजू. टेस्टमधे कधीकधी चूक मुद्दाम असते. यूझर चुकीचं लिहिणारच, ते आपल्याला समजतंय का हे बघायला आपण चुकीचं लिहून ठेवतो. ते कोणी सज्जनपणे 'दुरुस्त' केलं की टेस्ट पासच राहते, फक्त आता ती काहीच तपासत नाही.

म्हणून धागाकर्त्यांना प्रश्न, ते टेस्टमधले सात-आठ बदल तुम्ही वाचलेत का? खरं सांगा.

कोरा_कागद
@टेस्टवाली नाही वाचले. वरवर बघितले. आज रात्री बघतो.

भाषांतरकाकू
मी मराठीकरण करते वेगवेगळ्या सॉफ्टवेअरचं, त्यामुळे माझा राग तिसऱ्याच गोष्टीवर. लोक टायपो सुधारता सुधारता स्क्रीनवर दिसणाऱ्या इंग्रजी वाक्याला हात लावतात. गेटटेक्स्टमधे (प्रोग्रॅमला भाषांतरं पुरवणारी सोय) ते इंग्रजी वाक्य हीच किल्ली असते हो. एक स्वल्पविराम हलवलात की आमचं भाषांतर 'फझी' म्हणून बाजूला पडतं, आणि फझी झालेलं प्रोग्रॅम वापरत नाही, म्हणजे मराठी मेनूत मधेच एक ओळ इंग्रजी. मग आम्ही येऊन परत टिक करायचं. मराठीला निदान मी आहे, काही भाषांना वर्ष वर्ष कोणी येत नाही. सुधारू नका म्हणत नाही, पण रिलीजच्या आदल्या दिवशी तरी नको.

नवशिक्या_नाही_आता
@भाषांतरकाकू मान्य, पण ती कमेंट नाही, ती स्ट्रिंग झाली. विषय कमेंटचा चाललाय.

भाषांतरकाकू
पीआर पाठवणाऱ्याला हा फरक कळतो का, हा विषय चाललाय.

खडूस_रिव्ह्यूअर
काकूंना +१००.

आणि टेस्टचा विषय निघालाच आहे तर एक्सझेडची (फाईली दाबून लहान करणारं टूल) आठवण करून देतो. मार्च २०२४. त्यातल्या बॅकडोअरचा (मुद्दाम ठेवलेल्या चोरवाटेचा) माल कुठे लपवला होता? टेस्टच्या फोल्डरमधे, 'खराब फाईल आली तर काय होतं' हे तपासायच्या फाईली म्हणून. आणि त्याच माणसाने बिल्डच्या तपासणीत एक टिंब टाकलं होतं. एक टिंब! ओळीत एकटाच फुलस्टॉप, त्यामुळे तपासणीचा तो तुकडा कधी कंपाईलच होईना, मग सिस्टीमला वाटलं लँडलॉक (प्रोग्रॅमला बंधनं घालणारी लिनक्सची सोय) उपलब्ध नाही, आणि सँडबॉक्स गपचूप बंद. डिफमधे (जुन्या-नव्या ओळींतला फरक दाखवणारी यादी) ते टिंब तुम्हाला दिसलं असतं? मला नसतं दिसलं. सापडलं पण कसं, तर पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंडला एसएसएच (दुसऱ्या संगणकात सुरक्षित शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं म्हणून खोदत गेला. तुम्ही म्हणता टायपोच तर आहे, घ्या. मी म्हणतो टायपो आहे म्हणूनच कोणी नीट वाचत नाही.

नवशिक्या_नाही_आता
उदाहरण चुकीच्या बाजूने वापरताय. तो 'जिया टॅन' नावाने वावरणारा दोन वर्षं रीतसर कामाचे पॅच देत होता, मेंटेनर एकटा आणि थकलेला होता, त्यावर बाकीच्या खात्यांवरून दबाव आणला गेला की ह्याला अधिकार द्या. तो टायपोवाला पाहुणा नव्हता, घरातला झाला होता. दारात आलेल्या नवीन पोराला हाकलून ते थांबलं नसतं. उलट दोनच्या जागी दहा माणसं आत असती तर कोणीतरी ते टिंब बघितलं असतं.

खडूस_रिव्ह्यूअर
दहा माणसं रिसीव्हचं स्पेलिंग सुधारणारी असतील तर नसतं बघितलं.

मिनिटभर
रच्याकने, वेळीच कोणी लक्ष दिलं नाही की काय होतं त्याचा बाप नमुना म्हणजे एचटीटीपीमधला रेफरर (कुठल्या पानावरून आलात ते सांगणारी ओळ). डबल आर हवा तिथे एकच, १९९६ च्या आरएफसी १९४५ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) मधे तसाच छापला गेला आणि आता सगळं वेब तेच चुकीचं पाठवतं. नंतर रेफरर पॉलिसी आली तिचं स्पेलिंग मात्र बरोबर, म्हणजे एकाच गोष्टीची दोन स्पेलिंगं लक्षात ठेवायची. मी ह्यात दोनदा आपटलोय.

टेस्टवाली
@मिनिटभर ते इंटरफेसचं नाव आहे, कमेंट नाही. आणि तुमच्या कोडस्पेलबद्दल, ते आपोआप बदलायच्या मोडमधे टेस्टच्या फोल्डरवर सोडू नका, हात जोडते. मी वर जे 'मुद्दाम चुकीचं' म्हटलं ते पहिलं तेच खातं.

कोरा_कागद
बसलो काल रात्री. टेस्टमधले आठच बदल होते, दीड तास गेला.

सहा नुसत्या कमेंट. सातवा बदल असा: 'पावने दोनशे' असं न ने लिहिलेलं त्या पोराने 'पावणे दोनशे' केलंय. ते आम्ही मुद्दाम ठेवलं होतं, लोक न ने लिहितात, दुकानाच्या बिलांवर सर्रास असतं, ते समजतंय का बघायला. त्याने सुधारलं, टेस्ट पास, पोरगं खूश. @टेस्टवाली तुम्ही म्हणालात अगदी तसं. पण तिथे 'हे मुद्दाम आहे' असं आम्ही कुठे लिहिलं होतं, तर कुठेच नाही. त्याला कसं कळणार.

आठवा बदल. एका फंक्शनच्या नावात 'त्सेट' होतं, त्याने 'टेस्ट' केलं. ही ओळ माझीच आहे, ब्लेममधे माझं नाव आहे, दोन वर्षांपूर्वीची. नाव बदलल्यावर ती टेस्ट पहिल्यांदाच पळाली आणि पडली. म्हणजे त्याच्या पीआरवर सीआय लाल होतं, मी ते बघितलंच नव्हतं, बंद करायच्या घाईत. काय पडलं तर 'पावणेदोनशे' जोडून लिहिलं की आमची लायब्ररी १७५ च्या ऐवजी १९९.७५ देते. पाव आधी वजा करून मग शंभरने गुणायचं, तर आम्ही आधी दोनशे केले आणि त्यातून पाव वजा केला. दोन वर्षं. सुटं लिहिलेलं चालतं म्हणून कोणी ओरडलं नाही.

'कोडच्या वागण्यात फरक शून्य' असं मी धाग्यात लिहिलंय ते आता संपादित करत नाही, राहू दे, नाहीतर परत अर्धविराम काका वेडे दिसायचे.

खडूस_रिव्ह्यूअर
योगायोग. त्या पोराला पावणेदोनशेचं काही माहीत नव्हतं, त्याला फक्त उलटी अक्षरं दिसली. त्यासाठी बाकीच्या ५७ ओळी तुम्ही वाचणार दर वेळी?

कोरा_कागद
दर वेळी नाही वाचणार. ह्या वेळी त्याला तीन तुकडे करायला सांगितलंय, कमेंट वेगळ्या, त्सेटवाला वेगळा, आणि 'पावने' परत होतं तसं. कमेंटचा मर्ज केला. १९९.७५ चा बग त्यालाच दिलाय, जमतंय का बघू. माज होता का ते तुम्ही ठरवा, आमच्या ग्रुपवर ठरलेलं आहे.

टेस्टवाली
'पावने' च्या वर कमेंट टाका आजच. पुढचा पोरगा निघालाच असेल.

अर्धविराम
मला संगणकातलं फार कळत नाही, मी आकड्यांसाठी वाचत होतो. आम्हाला पावकी, निमकी, पाऊणकी, सवाकी, दिडकी, अडीचकी, औटकी सगळी पाठ होती. तुमच्या त्या लायब्ररीला 'औट' येतं का? औट म्हणजे साडेतीन.

कोरा_कागद
@अर्धविराम नाही येत काका. आत्ता टाकून बघितलं, एरर आला. एक इश्यू टाकाल का?

अर्धविराम
इश्यू म्हणजे काय आणि तो कुठे टाकायचा असतो?

नवशिक्या_नाही_आता
काका व्यनि केलाय, बघा.