मदत हवी आहे: पावसात भट्टीचं काम, ओलाव्याची भीती बसलीय

नमस्कार मंडळी, साकीनाक्याला आमचा छोटा गाळा आहे, भंगारातलं ॲल्युमिनियम वितळवून सँड कास्टिंग, म्हणजे वाळूच्या साच्यात ओतकाम करतो. मागच्या आठवड्यात वितळलेल्या धातूचा रस असलेल्या मुशीत (वितळवायच्या भांड्यात) जुन्या इंजिन हेडचा तुकडा टाकला, त्याच्या पोकळीत पावसाचं पाणी राहिलं असणार, धाडकन आवाज झाला आणि रस पार वरच्या पत्र्यापर्यंत उडाला. काकांचा हात भाजला, डोळे वाचले हेच खूप. तेव्हापासून मला झोप नाही हो.

मला एवढं कळतं की ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं, ओततो आपण ७०० च्या आसपास, आणि रसाखाली पाणी अडकलं की क्षणात वाफ, तिला पाण्याच्या साधारण १७०० पट जागा लागते मग ती वरचा सगळा रस घेऊनच बाहेर येते. घात करतं ते खाली दबलेलं पाणीच.

आता भंगार, लॅडल (रस ओतायचा डाव), सळ्या सगळं आधी तापवून घेतो. पण पावसाळ्यात वाळूचा ओलावा रोज बदलतो, मुठीत दाबून अंदाज घेणं पुरतं का, की मॉइश्चर टेस्टर घ्यावाच? आणि जमीन कोब्याची आहे, रस सांडला की कोबा तडतडून उडतो, त्यावर कोरडी वाळू किती जाड पसरायची? बंद पाइप, डबे तुम्ही कापूनच टाकता ना?

ज्यांनी स्वतः भट्टीवर काम केलंय त्यांनी प्लीज सांगा. पोरं अजून चपला घालून ओततात, बूट आणि फेसशील्ड मी उद्याच आणतोय.