मदत हवी आहे: प्रोग्रेसिव्ह चष्म्यावर नीट बसेल असं क्लिप-ऑन हूड

अजिंक्यतारा:

नमस्कार मंडळी,

इथे कुणी विमान चालवणारे असतील, किंवा चष्म्याच्या व्यवसायातले असतील, तर दोघांचीही मदत हवी आहे. प्रश्न थोडा विमानाचा आहे आणि थोडा डोळ्यांचा, म्हणून लांबण लावतोय.

मी मूळचा साताऱ्याचा, गेली पंचवीसेक वर्षं कॅलिफोर्नियात. वय 56. प्रायव्हेट पायलटचं लायसन्स दोन वर्षांपूर्वी मिळालं आणि आता लिव्हरमोरच्या विमानतळावरून सेसना 172 या छोट्या विमानावर इन्स्ट्रुमेंट रेटिंग करतोय, म्हणजे बाहेरचं न दिसता फक्त काट्यांवर उडायची परवानगी. इथे उन्हाळ्यात समुद्राकडून ढग येतात आणि किनाऱ्यावर सकाळभर बसून राहतात. वर लख्ख ऊन, खाली वॉटसनव्हिलची धावपट्टी पार झाकलेली. रेटिंग नसलेल्याला वरून बघून परत फिरावं लागतं. असं तीनदा झाल्यावर ठरवलं की आता हे शिकायचंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: या रेटिंगला इन्स्ट्रुमेंटवर उडण्याचे किमान 40 तास लागतात. खरे ढग रोज मिळत नाहीत, त्यामुळे बरेचसे तास ‘हूड’खाली होतात. हूड म्हणजे आपल्या टांग्याच्या घोड्याची झापडंच. समोरच्या काचेतून बाहेरचं काही दिसू नये, फक्त काट्यांचं पॅनेल दिसावं. बाहेर लक्ष ठेवायला शेजारच्या सीटवर इन्स्ट्रक्टर किंवा सेफ्टी पायलट असावाच लागतो, तसा नियमच आहे.

आता अडचण. माझा लांबचा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे 3.5 आणि जवळचा वाढीव नंबर अधिक 2.25. प्रोग्रेसिव्ह वापरतो. माझ्या मेडिकलवर चष्मा लावूनच उडायची अट आहे, म्हणजे चष्मा काढून हूड घालणं हा पर्याय नाही.

सुरुवातीला फॉगल्स (चष्म्यासारखं हूड) घेतले. वरचा भाग दुधी, खाली पारदर्शक खिडकी. चष्म्यावरून घातले की कानामागे दोन-दोन काड्या, आणि त्यावर हेडसेट. अर्ध्या तासात कानशिलं ठणकायला लागतात. शिवाय काड्यांमुळे हेडसेटची गादी कानाला चिकटून बसत नाही, फटीतून इंजिनाचा आवाज आत येतो आणि जमिनीवरून सूचना देणाऱ्या कंट्रोलरचं बोलणं निसटतं. एकदा उंचीचा आकडा पुन्हा विचारावा लागला.

म्हणून चष्म्याच्या पुढे चिमट्याने बसणारं क्लिप-ऑन घेतलं, वर उचलता येणारं. कानाचा त्रास संपला आणि डोळ्यांचा सुरू झाला. प्रोग्रेसिव्हमध्ये वरून लांबचं दिसतं, मधल्या पट्ट्यातून हातभर अंतरावरचं आणि तळातून वाचायचं. पॅनेल माझ्या डोळ्यांपासून 75 सेंटिमीटरवर आहे, मोजलंय. म्हणजे मला नेमका मधला पट्टा हवा, आणि क्लिप-ऑनचा दुधी भाग नेमका तोच झाकतो! उरतो तळाचा वाचायचा भाग. त्यातून पॅनेल बघितलं तर अल्टिमीटरचे (उंची दाखवणाऱ्या यंत्राचे) काटे दिसतात, पण त्यातल्या हवेच्या दाबाच्या छोट्या खिडकीतले आकडे एकमेकांत मिसळतात. मग मी नकळत हनुवटी वर-खाली करत राहतो.

आणि ढगात मान हलवणं किती महागात पडतं ते इथल्या जाणकारांना सांगायला नको. वळणात मान झटकन हलली की आतल्या कानातलं द्रव भलत्याच दिशेला फिरतं आणि आपण कलंडतोय असं शरीर शपथेवर सांगतं. मला हे दोनदा झालं. काटे सरळ सांगत होते आणि मी डावीकडे झुकून बसलो होतो.

गेल्या शनिवारी कळस झाला. स्टॉकटनला आयएलएसवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रेडिओच्या खुणांवर, उतरत होतो. जमिनीपासून 700 फुटांवर असताना अल्टामाँट खिंडीकडून येणाऱ्या वाऱ्याचा एक धक्का बसला आणि घामाने ओल्या नाकावरून चष्मा क्लिपसकट घसरला. दुधी भाग थेट पॅनेलसमोर आला. बाहेरचंही दिसेना आणि आतलंही. सेकंद-दोन सेकंदच, पण त्या वेळात लोकलायझरची (धावपट्टीच्या रेषेपासून डावी-उजवीकडे किती ते दाखवणारी) सुई अर्ध्यावर गेली. इन्स्ट्रक्टरने शांतपणे ‘माय कंट्रोल्स’ म्हणून विमान घेतलं. त्यांनी रागावून काही म्हटलं नाही, पण घरी येईपर्यंत माझा हात थरथरत होता.

माझे प्रश्न:

दुधी काचेची कड वर-खाली सरकवता येईल असं क्लिप-ऑन कुणी वापरलंय का? फक्त पॅनेलच्या अंतराचा वेगळा चष्मा केला, तर शेवटच्या 200 फुटांवर झापड उचलल्यावर धावपट्टी कशी दिसणार? आणि तुमच्यापैकी पन्नाशीनंतर कुणी हे रेटिंग केलं असेल, तर तुम्ही काय केलंत?

परीक्षेला सहा आठवडे आहेत.

माळढोक:

दादा, मी बारामतीला शिकलो, बरीच वर्षं झाली. तेव्हा आमच्याकडे जुन्या पद्धतीचं लांब हूड होतं, कपाळावर पट्टा आणि पुढे टोपीच्या छपरासारखं प्लास्टिक. मला तेव्हाही चष्मा होता. त्याची एक गोष्ट चांगली, की ते चष्म्याला शिवतच नाही, त्यामुळे काचेचा कुठलाही भाग झाकला जात नाही. मान थोडी खाली ठेवली की मधल्या पट्ट्यातून पॅनेल दिसेल. तुमच्या अडचणीला तो सरळ उपाय आहे.

तोटेही सांगतो. एप्रिल-मेच्या उन्हात पट्ट्याखाली घाम साचायचा आणि काच धुकटायची. पुढे वजन असल्यामुळे मान भरून यायची. आणि शेवटी ते काढताना हेडसेटच्या पट्टीत अडकायचं, ऐन वेळी. आता वर उचलता येणारी हूड मिळतात, ती बघा.

घसरण्याचं म्हणाल तर चष्म्याच्या काड्यांना मागून बांधायची दोरी लावा. चार पैशांची वस्तू आहे, पण मी तिच्याशिवाय कधी उडालो नाही.

शिक्रा:

मी ॲरिझोनात इन्स्ट्रक्टर आहे. माझे निम्मे विद्यार्थी चष्मेवाले आहेत.

आधी पैसे खर्च करू नका. जुना चष्मा घ्या. विमान उभं असताना, सीट रोजच्या खाचेवर लावून, उडताना बसता तसे बसा. सरळ समोर बघा. शेजारच्याला सांगा की पॅनेलच्या वरची कड तुम्हाला काचेवर जिथे दिसते तिथे मार्करने खूण करा. दोन्ही डोळ्यांची खूण वेगवेगळी येईल, येऊ द्या. मग खुणेच्या वर मॅट चिकटपट्टी लावा आणि अर्धा तास नुसतं बसून काटे वाचा. दुधी कड कुठे हवी ते तुम्हाला मिलिमीटरमध्ये कळेल. बहुतेकांची कड गरजेपेक्षा खूप खाली असते. चिकटपट्टी फक्त मापासाठी हं, ती लावून ॲप्रोच (उतरण्याचा शेवटचा टप्पा) करू नका, ती वर उचलता येत नाही.

दुसरं, क्लिप-ऑनच्या बाजू उघड्या असतात. डावीकडच्या खिडकीतून क्षितिज डोळ्याच्या कोपऱ्यात येतं, सूर्याची सावली पॅनेलवरून सरकली की वळण कळतं. विद्यार्थी मुद्दाम बघत नाही, पण मेंदू ते वापरतो. मग पहिल्यांदा खऱ्या ढगात गेलं की तो आधार एकदम जातो. मी क्लिपच्या दोन्ही कडांना काळ्या फेल्टचे अंगठ्याएवढे तुकडे लावायला सांगतो.

हा आधार गेला की काय होतं ते इलिनॉय विद्यापीठाने 1954 साली मोजलं होतं. इन्स्ट्रुमेंटचं शिक्षण नसलेले 20 जण घेतले आणि त्यांना बाहेरचं दिसेनासं केलं. विसांपैकी एकालाही विमान सांभाळता आलं नाही. ताबा सुटायला सरासरी 178 सेकंद लागले. तुम्ही झापड लावून जे शिकताय ते या 178 सेकंदांच्या पलीकडे जाण्यासाठी, म्हणून ते नीट झाकणारं हवं.

परीक्षकांना हूड आधीच दाखवा किंवा निदान फोनवर सांगा. ते परीक्षार्थीनेच आणायचं असतं आणि परीक्षकाला ते मान्य असावं लागतं.

सांजवात:

मी नाशिकला चष्म्यांचं काम करते, ऑप्टोमेट्रिस्ट आहे. विमानातलं काही कळत नाही, पण काका, तुम्ही अंतर मोजून दिलंत म्हणून सांगता येतंय. बरेच जण ‘जरा लांब’ एवढंच सांगतात.

तुमचा 2.25 चा वाढीव नंबर साधारण 40-45 सेंटिमीटरसाठी आहे. त्यातून 75 वर अंधुकच दिसणार, तो दोष ना तुमचा ना क्लिपचा. 75 साठी 1.25 च्या आसपास पुरेल.

तुम्ही बायफोकल करून बघा. वर लांबचा नंबर आणि खाली वाचायचा नव्हे तर पॅनेलचा, म्हणजे 1.25 ची वाढ. खालचा भाग नेहमीपेक्षा मोठा आणि उंच बसवून घ्यायचा. बायफोकलची रेघ वरच्या दादांनी सांगितलेल्या खुणेवर आली पाहिजे. मग तुमची दुधी काच फक्त लांबचा भाग झाकेल आणि खालून पूर्ण पॅनेल स्पष्ट दिसेल, मान न हलवता. झापड उचललं की लांबचा नंबर तयार.

नकाशा किंवा टॅबलेट मांडीवर ठेवत असाल तर तो या चष्म्यातून थोडा अंधुक वाटेल. तो 55-60 सेंटिमीटरवर, पॅनेलच्या जवळ कुठे लावता येतो का बघा.

दोन सूचना. पोलराइज्ड काच घेऊ नका, तिच्यातून स्क्रीन काही कोनांत काळे दिसतात. आणि रेघेवरून नजर खाली-वर जाताना चित्र उडी मारतं, त्याची सवय व्हायला आठवडा लागतो. आधी घरात, जिन्यावर वापरा. पहिल्याच दिवशी विमानात नको.

फ्रेम घेताना नाकाचे पॅड सिलिकॉनचे घ्या आणि काचेची उंची निदान 35 मिलिमीटर असू द्या. छोट्या, गोल फ्रेममध्ये एवढं सगळं बसत नाही.

अजिंक्यतारा:

तिघांचेही मनापासून आभार. काय काय केलं ते लिहितो, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

शिक्रा, तुमची मार्करची युक्ती रविवारी केली. इन्स्ट्रक्टर शेजारी बसले आणि मी सरळ समोर. माझी खूण बाहुलीच्या मध्यापासून 4 मिलिमीटर खाली आली, डाव्या डोळ्याची थोडी आणखी खाली. आणि माझ्या क्लिपची दुधी कड होती 9 मिलिमीटर खाली. इतके दिवस पॅनेलचा वरचा भाग मी स्वतःच झाकून घेत होतो आणि तो बघायला हनुवटी उचलत होतो. आता क्लिपचा दुधी भाग बारीक कानशीने घासून खुणेपर्यंत आणला. बाजूला फेल्ट लावलं. पहिल्याच फेरीत लक्षात आलं की आधी वळणात मला खिडकीतून किती मदत होत होती. उंची 100 फुटांनी सुटली. बरं झालं इथेच कळलं.

सांजवातताई, बायफोकल बनवून घेतला. इथला दुकानदार आधी ऐकेना, खालचा भाग इतका वर कुणी घेत नाही म्हणाला. तुमचा मजकूर इंग्रजीत करून दाखवला, मग तयार झाला. आठ दिवस घरात वापरला. जिन्यावर पहिले दोन दिवस कठडा धरून उतरलो. टॅबलेट आता योकवर (विमानाच्या सुकाणूवर) लावलाय, 57 सेंटिमीटरवर. त्यावरचे ॲप्रोचचे आकडे वाचायला मान खाली घालावी लागत नाही, हा फायदा मी धरलाच नव्हता.

माळढोक, दोरी लावली. आणि लांब हूडही बॅगेत जादा म्हणून ठेवलंय, क्लिप तुटली तर परीक्षा थांबायला नको.

काल संध्याकाळी पुन्हा स्टॉकटन, तोच आयएलएस. पूर्ण वेळ मान जागेवर होती. अल्टिमीटरच्या खिडकीतला दाबाचा आकडा, 29.92, एका नजरेत वाचला. 200 फुटांवर इन्स्ट्रक्टर म्हणाले ‘वर बघा’, मी एका बोटाने झापड उचललं आणि धावपट्टीचे दिवे समोर होते, नाकाच्या रेषेत, स्पष्ट.

परतताना इन्स्ट्रक्टरनी जिमी डूलिटल या अमेरिकन वैमानिकाची गोष्ट सांगितली. 24 सप्टेंबर 1929 ला न्यूयॉर्कजवळ मिचेल फील्डवर हा माणूस कॉकपिटवर कापडी झाकण ओढून उडाला आणि बाहेरचं काहीही न बघता उतरला. दुसऱ्या कॉकपिटमध्ये बेंजामिन केल्सी होता, हात सगळ्यांना दिसतील असे बाहेर ठेवून, गरज पडली तरच कंट्रोल्स धरायला. म्हणजे सेफ्टी पायलटची ती सीट तेव्हाही होती. काल मला त्या सीटवरच्या माणसाची किंमत जास्तच जाणवली.

एक प्रश्न उरलाय. रात्री पॅनेलचे दिवे मंद केले की बायफोकलच्या रेघेवर दिव्यांची एक बारीक चमक येते. ताई, काचेवर चमक कमी करणारा लेप दिला तर ती जाईल का, की रेघेमुळे ती राहणारच? पुढच्या गुरुवारी रात्रीचं उड्डाण आहे, त्याआधी कळलं तर दुकानात जाऊन येतो.

आणि ज्यांना 172 साठी खुणेचा कागदी साचा हवा असेल त्यांनी इथेच लिहा, फोटो टाकतो. पण सीटची उंची प्रत्येकाची वेगळी, तेव्हा माझ्या मापावर काच कापू नका, आधी स्वतःची खूण करून घ्या.