लाइट जाऊन आली की घरचा लिनक्स सर्वर उठतो, पण रिमोट डेस्कटॉप उठत नाही. काय करू? बजेट १,००० रु.

चोपड्याचा_पोरगा
राम राम मंडळी. मी पुण्यात, घर चोपड्याजवळ. घरी जिन्याखाली एक सेकंडहँड डेस्कटॉप ठेवलाय, आय३, ८ जीबी रॅम, उबंटू २२.०४. त्याच्यावर फोटोंचा बॅकअप आणि नानांचा केळीचा हिशोब, लिब्रेऑफिसमध्ये, तो मी पुण्यातून भरतो म्हणून डेस्कटॉप दिसावाच लागतो. लाइट आली की पीसी आपोआप चालू होतो, बायोसमध्ये ते करून ठेवलंय, एसएसएच (दुरून टर्मिनलवर कमांड द्यायचं) पण लागतं, पण रिमोट डेस्कटॉप तिथे कोणी लॉगिन करेपर्यंत लागतच नाही. आतापर्यंत आईला फोन करून पासवर्ड टाकायला लावायचो. पासवर्डात ॲट आहे. "तो शेपटीवाला गोल अ कुठे आहे रे, शिफ्ट धरून ठेवू की सोडू", मागे कुकरच्या शिट्ट्या, तिसऱ्या वेळेस लागायचा. आता मागच्या महिन्यात मॉनिटरच जळाला, म्हणजे तो पण रस्ता बंद. हजाराच्या आत काही होईल का?

भुसावळ_जंक्शन
भाऊ तो डबा भंगारात दे आणि मिनी पीसी घे. मी २२ हजाराला घेतला, दोन वर्षं झाली, लाइट कधी गेली कधी आली कळत पण नाही.

जुना_पेंग्विन
सर्वरवर डेस्कटॉप टाकणं हीच मूळ चूक. हिशोब टर्मिनलमध्ये पण होतो. आणि राउटरवर ३३८९, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट उघडा ठेवला असशील तर आधी बंद कर, मी एकदा ठेवला होता, सकाळी लॉगमध्ये बघतो तर रात्रभर कोण कोण पासवर्ड मारून गेले होते.

धुळेकर_भो
मना घर बी असंच व्हस भाऊ, लाइट गयी म्हंजे समदं बंद. मी जुना लॅपटॉप सर्वर केला होता, बॅटरी आहे म्हणजे यूपीएस फुकट असं डोकं लावलं. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत बॅटरी अशी फुगली की टचपॅड वर आला. लॅपटॉप लावायचा असेल तर विचार करून.

यावलकर_ताई
@चोपड्याचा_पोरगा, एक्सआरडीपी टाक, रिमोट डेस्कटॉपचा वेगळा सर्वर, फुकट आहे. ॲप्ट कमांडने एक्सआरडीपी आणि एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) टाकायचं, होम फोल्डरमध्ये डॉट एक्ससेशन नावाची फाइल करून त्यात एक्सएफसीई४-सेशन एवढंच लिहायचं, आणि सिस्टमसीटीएल कमांडने सर्विस एनेबल. ती सर्विस बूट होतानाच उठते, कोणी लॉगिन केलेलं लागत नाही, मॉनिटर पण लागत नाही कारण ती स्वतःचा वेगळा स्क्रीन बनवते. फक्त एक, त्याच युजरने मशीनवर आधीच लॉगिन असेल तर काळा पडदा येतो. मी दोन दिवस नेटवर्कला शिव्या दिल्या आणि निघालं हे.

भुसावळ_जंक्शन
मिनी पीसीला हे काहीच करावं लागत नाही.

यावलकर_ताई
तुमच्याकडे इन्व्हर्टर असेल हो.

भुसावळ_जंक्शन
इन्व्हर्टर आहे. पण मुद्दा तो नाही.

रात्रपाळी
लोकांनी प्रश्न नीट वाचलेला दिसत नाही. दोन वेगवेगळे लोचे आहेत. एक, २२.०४ चं स्वतःचं जे शेअरिंग आहे ते लॉगिन झालेल्या माणसाचा चालू स्क्रीन दाखवतं, म्हणून लॉगिनशिवाय लागत नाही. दोन, मॉनिटर नसेल तर दाखवायला स्क्रीनच नसतो. २४.०४ ला जा, त्यात रिमोट लॉगिन वेगळं दिलंय, सिस्टम सर्विस म्हणून चालतं, लॉगिनचा स्क्रीनच रिमोट डेस्कटॉपवर येतो. विषय संपला.

जुना_पेंग्विन
रिमोटवरून व्हर्जन अपग्रेड करायला सांगताय? मध्येच लाइट गेली तर? चोपड्यात? आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर बूटलाच पासवर्ड मागेल, मग यातलं काहीच चालणार नाही.

चोपड्याचा_पोरगा
एन्क्रिप्ट नाहीये. अपग्रेड आता नको, केळीची कापणी चालू आहे, रोज गाडी भरतेय, मशीन बसली तर नाना मला घरात घेणार नाहीत. २२.०४ ला २०२७ पर्यंत अपडेट आहेत, बघू नंतर. ताई, तुमचं आवडलं, पण नाना कधीकधी टीव्हीला केबल लावून हिशोब बघतात, मी पुण्यात उघडलेली शीट त्यांना तशीच समोर दिसायला पाहिजे. वेगळं सेशन झालं की ते म्हणतात "पुसलं का काय?"
@जुना_पेंग्विन, पोर्ट वगैरे काही उघडं नाही, आमचं कनेक्शन सीजीनॅटमागे आहे (कंपनी बऱ्याच ग्राहकांना एकच पब्लिक आयपी देते), पोर्ट फॉरवर्ड होतच नाही. टेलस्केल, म्हणजे खाजगी व्हीपीएन, लावलंय.

रात्रपाळी
मग ऑटोलॉगिन चालू कर आणि एचडीएमआयचा डमी प्लग घे, अंगठ्याएवढा असतो, मशीनला वाटतं मॉनिटर आहे. मला साडेतीनशेला पडला. पण ऑटोलॉगिनमध्ये एक गोम आहे. रिमोट डेस्कटॉपचा पासवर्ड कीरिंगमध्ये (पासवर्डांच्या कुलूपबंद तिजोरीत) ठेवलेला असतो आणि ऑटोलॉगिनने कीरिंग उघडत नाही. सर्विस चालू दिसते पण आत घेत नाही. पासवर्ड्स अँड कीज ॲपमध्ये लॉगिन कीरिंगचा पासवर्ड रिकामा केला की सुटतं. आणि स्क्रीन लॉक बंद कर, लॉक झाला की शेअरिंग तुटतं.

जुना_पेंग्विन
ऑटोलॉगिन, रिकामी कीरिंग, लॉक बंद. दाराला कडी तरी आहे ना? एक्सआरडीपी कर.

यावलकर_ताई
मी पण तेच सांगते, एक्सआरडीपी कर आणि नानांना दोन दिवस समजाव.

रात्रपाळी
२४.०४ कर. नाहीतर दोन वर्षांनी परत हाच धागा काढशील.

धुळेकर_भो
नानांना समजावणं सोपं नसतं ताई. बाकी चोपड्याकडच्यांनो, बामणोदची वांगी कुठे मिळतील सध्या? इकडे भरताला भलतीच वांगी देतात.

भुसावळ_जंक्शन
भरीत वांग्यावर नसतं, काड्यांच्या जाळावर असतं. गॅसवर भाजून परत वांग्याला नाव ठेवू नका.

यावलकर_ताई
बामणोद आमच्या तालुक्यात आहे, वांग्यावरच असतं. सोबत कळण्याची भाकरी.

चोपड्याचा_पोरगा
अपडेट. शनिवारी घरी जाऊन आलो. तिघांचं न ऐकता ऑटोलॉगिन, रिकामी कीरिंग आणि डमी प्लग केलं. पेंग्विनभाऊ, जिन्याखालच्या दाराला कडी पण आहे आणि कुलूप पण, किल्ली आईच्या कंबरेला. पहिल्या वेळी लागलं नाही कारण स्क्रीन लॉक बंद करायचंच विसरलो होतो. प्लग ३८० ला पडला. नाना प्लग काढून टीव्हीची केबल लावतात, बघून झालं की परत प्लग लावायचं त्यांना तीन वेळा सांगितलंय, प्लगला लाल दोरा पण बांधलाय.
काल दुपारी लाइट गेली, पाऊण तासाने आली, तीन मिनिटांत मी शीटमध्ये. तेवढ्यात आईचा फोन, "डबा सुरू झाला रे, गोल अ टाकू का?"

भुसावळ_जंक्शन
३८० मध्ये झालं ते ठीक आहे. पण तो पीसी किती दिवस टिकेल सांग.

नवा_मेंबर_पारोळा
याच धाग्यात विचारतो, उबंटूवर मराठी टायपिंगला कोणता कीबोर्ड लावता तुम्ही लोक? बजेट नाही.