शेती आणि अन्न कायद्याची फेलोशिप सोलापुरात सुरू करावी का?

सीनाकाठ (धागाकर्ती):
अमेरिकेत आर्कान्सा विद्यापीठात आणि व्हर्माँटच्या विधी विद्यालयात शेती व अन्न कायद्याचे स्वतंत्र पदव्युत्तर शिक्षण मिळते. व्हर्माँटच्या फेलोशिपमध्ये तर विधी पदवीधर शिकता शिकताच शेतकऱ्यांशी आणि अन्नव्यवस्थेशी संबंधित प्रत्यक्ष कामही करतो. आपल्या जिल्ह्यातही दोन-तीन तालुक्यांपासून अशी दोन वर्षांची फेलोशिप सुरू व्हावी, असे माझे ठाम मत आहे.

बियाण्याचेच उदाहरण घ्या. पेरणी होते, उगवण होत नाही आणि शेतकरी कृषी कार्यालयात जातो. तिथे पहिला प्रश्न विचारला जातो तो पक्क्या पावतीचा, पिशवीवरच्या टॅगचा आणि लॉट नंबरचा. तोवर पिशवी बांधावर कुजलेली असते आणि पावती म्हणजे दुकानदाराने साध्या कागदावर लिहिलेला आकडा असतो. पुढे तालुका तक्रार निवारण समिती येते, पंचनामा होतो, त्यात ‘उगवण कमी’ एवढेच लिहिले जाते आणि दोष बियाण्याचा की पेरणीच्या खोलीचा, हे मोघमच राहते. कंपनीचा वकील नंतर याच मोघमपणावर बोट ठेवतो. वास्तविक २०१२ साली राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, हे स्पष्ट केले आणि सगळे बियाणे पेरून टाकणाऱ्याने नमुना राखून ठेवावा ही अपेक्षाही धरली नाही. हा निकाल ठाऊक असलेला माणूस पंचनाम्याच्या दिवशी शेतात उभा असला पाहिजे, नंतर ग्राहक आयोगासमोर नव्हे.

ऊसवाला माळशिरस:
ताई, आपली तळमळ खरी आहे, पण रोगाचे निदान चुकते आहे असे मला वाटते. कायदा आम्हाला ठाऊक नाही, असे नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत बिल जमा व्हायला हवे आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यायला हवे, हे आमच्याकडे पारावर बसणाऱ्यालाही पाठ आहे. तरीही ते व्याज मागायला कोणी पुढे होत नाही, कारण पुढच्या हंगामात तोडणीची टोळी त्याच कारखान्याकडून यायची असते आणि ऊस फडात वाळला तर नुकसान व्याजाच्या कितीतरी पट होते. तुमचा फेलो दोन वर्षांनी निघून जाईल, आम्हाला मात्र इथेच राहायचे आहे.

दुसरे असे की, फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा आणला आणि वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हातात २ रुपयांचा धनादेश पडला. भावच किलोला १ रुपया होता. त्या पट्टीत, म्हणजे अडत्याने दिलेल्या विक्रीच्या हिशेबात, कोणता वकील काय दुरुस्त करणार होता? हा पैसा माती-पाणी तपासणीला आणि साठवणुकीच्या चाळींना द्यावा.

सनदधारक:
मी सोलापुरात वकिली करतो आणि मला अडचण वेगळीच दिसते. बार कौन्सिलच्या नियमानुसार पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. फेलोला दरमहा वेतन दिले तर तो न्यायालयात उभा राहू शकणार नाही आणि न दिले तर गरीब घरातला पदवीधर या वाटेला येणारच नाही. त्यापेक्षा ज्येष्ठ वकिलांकडे काम करणाऱ्या कनिष्ठांना शेतीच्या प्रकरणांसाठी मानधन द्यावे. माणूस इथलाच राहील आणि अनुभवही इथेच साठेल.

सीनाकाठ:
सनदधारक, मानधनाची सूचना मला मान्य आहे. मात्र यातले बरेचसे काम न्यायालयाच्या पायरीआधीचे आहे: कागद जमवणे, नोटीस लिहिणे, समितीसमोर म्हणणे मांडणे. ग्राहक आयोगासमोर तर वकील नसलेला अधिकृत प्रतिनिधीही उभा राहू शकतो.

माळशिरसच्या दादांनी सांगितलेली भीती खरी आहे आणि मला तिच्यातच फेलोशिपचे सर्वांत मोठे कारण दिसते. एकट्याने व्याज मागितले तर त्याची तोड मागे पडते. चारशे सभासदांच्या वतीने एकच अर्ज गेला तर कोणाकोणाची तोड मागे ठेवणार? एफआरपीचे, म्हणजे उसाला द्यायच्या किमान कायदेशीर दराचे, हप्त्यांत तुकडे करणारा २०२२ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला, तोही शेतकरी नेते राजू शेट्टी यांनी याचिका करून पाठपुरावा केला म्हणूनच. कांद्याच्या भावाबद्दल मात्र तुमचे म्हणणे मी खोडू शकत नाही.

कोरडवाहू मंगळवेढा:
तिघांच्याही बोलण्यात ऊस, बियाणे आणि बिल आले, पण पाणी कुठेच आले नाही, याचे मला फार वाईट वाटते. उजनी धरणाच्या लाभक्षेत्रात ऊस वाढत गेला आणि आमच्या काळ्या रानातली ज्वारी आजही जमिनीतल्या ओलीवर येते. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात बारमाही पिकांना ठिबक किंवा तुषार सिंचनाची अट घालण्याची तरतूद आहे, २००९ चा भूजल कायदाही आहे. शाश्वत शेतीचे नाव घेणारा फेलो त्यांच्या अंमलबजावणीसाठी उभा राहणार आहे की फक्त ऊसबिलाच्या वसुलीसाठी?

आमच्याकडचे कामही समोर आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु ते नाव वापरून विकायचे तर उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. तो अर्ज भरून देणारा आणि कडक भाकरी विकणाऱ्या बचत गटाच्या पाकिटावर काय छापायचे हे सांगणारा माणूस तालुक्यात शोधावा लागतो.

ऊसवाला माळशिरस:
पाण्याच्या कायद्यापासून सुरुवात केलीत, तर आमच्या गावात फेलोला सात-बाराही कोणी दाखवणार नाही. आधी त्याला बिलाची भांडणे लढू द्या.

सीनाकाठ:
दादा, तसे केले तर त्याचे पहिले सगळे अशील ऊसवाले असतील आणि मंगळवेढ्याच्या प्रश्नाला तो दोन वर्षांत हात लावू शकणार नाही. म्हणून माझे म्हणणे असे आहे की एक फेलो उजनीच्या लाभक्षेत्रात आणि दुसरा कोरडवाहू तालुक्यात नेमावा, दोघांची प्रकरणे एकाच समितीने निवडावीत आणि त्या समितीत कारखान्याचा संचालक नसावा. ही शेवटची अट मी सोडणार नाही.