ट्रान्सडिफरन्शिएशन: मराठीत काय म्हणावं?

काजवा: ट्रान्सडिफरन्शिएशन म्हणजे एका प्रकारची पक्की झालेली पेशी दुसऱ्या प्रकारची होणं. त्याला मराठी शब्द हवाय. मजकूर सी. एलेगन्स या गोलकृमीवरचा आहे. 'वाय' ही पेशी भ्रूणातच गुदाशयाच्या भिंतीत बसते. अळीच्या दुसऱ्या अवस्थेत तिथून सुटते, सरकते आणि पीडीए ही प्रेरक चेतापेशी होते. मधे विभाजन नाही. 'रूपांतरण' लिहिलं होतं; संपादनात त्याचं 'परा-अवकलन' झालंय.

रानभूल: अवकलन गणितातलं. जीवशास्त्रात विभेदन, म्हणजे पेशीला ठरावीक रूप आणि काम मिळणं. रूपांतरणही नको, ते सुरवंटाच्या फुलपाखराला दिलेलं आहे. तिथे सबंध प्राणी बदलतो.

ओवी: पण हा इंग्रजी शब्द सेल्मन आणि काफाटोस या संशोधकांनी १९७४ मध्ये वापरला तो रेशीमपतंगाच्या ग्रंथीसाठीच, आणि त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकात 'पेशींचं रूपांतरण' याच अर्थाचे शब्द आहेत. 'पेशी' जोडलं की गोंधळ उरत नाही.

दगडफूल: 'पेशीपालट' म्हणा. सत्तापालट, खांदेपालट सगळ्यांना कळतं. दर वेळी संस्कृत कशाला?

रानभूल: खांदेपालटात ओझं तेच, खांदा बदलतो. वाय सुटल्यावर तिची जागा पी१२.पीए ही पेशी घेते, तो खांदेपालट. वायचं उलट: खांदा तोच, ओझं दुसरं. 'पेशीपालट' वाचून पी१२.पीएचंच काम डोळ्यांसमोर येईल.

काजवा: मग 'भेदांतर'? भाषांतर, स्थलांतर यांच्या ओळीत बसतं.

रानभूल: त्यात एकच उडी दिसते. वाय आधी गुदाशयाची ओळख टाकते आणि मगच चेतापेशीची घेते. सेम-४, ईजीएल-२७, सीईएच-६, सॉक्स-२ यांतलं एक जनुक बिघडलं तरी बऱ्याच अळ्यांत वाय जागची हलत नाही. यूएनसी-३ बिघडलं तर ती जुनी ओळख सोडते, पण पुरती पीडीए होत नाही. दोन बिघाड, दोन वेगळ्या पायऱ्या. म्हणून निर्विभेदन आणि पुनर्विभेदन असे दोन शब्द हवेत.

ओवी: 'निर्' म्हणजे मुळीच नाही. मधल्या अवस्थेतली पेशी कोरी पाटी नसते, वाटेल ते होऊ शकत नाही. 'विभेदत्याग' नेमकं.

दगडफूल: सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्याला यातलं काय उपयोगी? वायचं केंद्रक मोठं, मधे ठळक केंद्रिका, तळलेल्या अंड्यासारखं. चेतापेशीचं लहान आणि दाणेदार. गुदाशयाशी एक 'अंडं' जास्त दिसलं की बदल झाला नाही. तिथे 'पालटली' हेच तोंडी येतं.

रानभूल: क्रियापद म्हणून मान्य. नाम म्हणून नाही.

ओवी: खांदेपालट पालखीच्या भोयांवरून आला असेल, तर भोई डाव्याचं ओझं उजव्या खांद्यावरही घेतो. मग माणूस तोच राहतो, आणि रानभूल यांचा आक्षेप टिकत नाही.

दगडफूल: तो तिरडीवरून आला. खांदेकरी तिथलेच.

रानभूल: तिरडीवरून असेल तर माणूस बदलतो. माझा आक्षेप कायम.

काजवा: 'विभेदत्याग' घेतलाय. पण शीर्षकाला अजून शब्द नाही.