जपान : कुठल्या सीझनला गेलात? (अनुभव धागा)

मंडळी, पुढच्या वर्षी जपानला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, सातवीतली लेक आणि सासूबाई. सासूबाईंना जिने जड जातात पण उत्साह आम्हा तिघांपेक्षा जास्त. यूट्यूबवर बघावं तर जो तो साकुराच्या (चेरीच्या फुलांच्या) मागे, आणि आमची सुट्टी बघावी तर मे नाहीतर दिवाळी, कारण एप्रिलपर्यंत लेकीची परीक्षा. ज्यांनी टूरबरोबर न जाता स्वतः प्लॅन केलंय त्यांनी लिहा ना, कधी गेलात, काय पदरात पडलं, काय हुकलं, आणि परत जायचं झालं तर तोच सीझन घ्याल का. नुसतं "स्वर्ग आहे स्वर्ग" नको प्लीज.

चहाबाज
साकुरा केलंय, सांगते. टोकियो-क्योतोला फुलं साधारण मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, आणि पूर्ण बहर म्हणाल तर जेमतेम आठवडाभर, त्यात एक जोराचा पाऊस आला की खेळ खल्लास. अंदाज जानेवारीपासून यायला लागतात पण स्वस्त तिकिटं तोवर निघून गेलेली असतात, म्हणजे हा जुगारच. त्यावर उपाय एकच, हॉटेलं कॅन्सल करता येतील अशी घ्यायची आणि उत्तरेकडे सरकायची तयारी ठेवायची. आम्ही एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो तेव्हा टोकियोत झाडांना पालवी फुटलेली, मग शिंकान्सेनने (बुलेट ट्रेनने) दीड-दोन तासांत सेंदाई गाठलं आणि तिथून लोकलने ओगावारा. शिरोइशी नदीच्या काठाने मैलोगणती झाडं आणि मागे बर्फाचे डोंगर. आज्ज्या निळं प्लास्टिक अंथरून डबे उघडून बसलेल्या, चपला कडेला ओळीने, सगळ्यांची तोंडं बाहेरच्या दिशेला! गर्दी होती पण क्योतोसारखी धक्काबुक्की नाही. परत जाईन, पण आता थेट हिरोसाकीला, तिथे एप्रिलच्या शेवटी फुलतं.

उनाडमैना
मे मध्ये जाणार असाल तर एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, 29 एप्रिल ते 5 मे गोल्डन वीक. अख्खा देश फिरायला बाहेर पडतो, रेट चढे आणि गाड्यांत रिझर्व्हेशन मिळत नाही. 8-10 मे नंतर जा. हवा मस्त, स्वेटर लागला तर संध्याकाळीच, आणि लेकीला बर्फ बघायचा असेल तर तातेयामा-कुरोबे रूट एप्रिलच्या मध्यापासून उघडलेला असतो, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फ कापून केलेल्या भिंती, सुरुवातीला पंधरा मीटरच्या पुढे असतात, मेअखेर बऱ्याच वितळतात. माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी मेचा दुसरा पंधरवडाच. लोक साकुरा साकुरा करतात आणि या हवेला कोणी विचारत नाही.

चिपळूणचा_पाऊस
जूनचं नाव काढलं की सगळे "अरे त्सुयू, त्सुयू" म्हणून घाबरवतात. पावसाळा तो. अहो चिपळूणच्या माणसाला पावसाची भीती घालता? बहुतेक दिवस नुसती भुरभुर. कामाकुराला हायड्रेंजिया जूनमध्येच फुलतात, हासेदेरा देवळाच्या मागच्या टेकडीवर निळा-जांभळा नुसता सडा, मात्र तिथल्या पायवाटेसाठी रांग लागते. हॉटेल एप्रिलपेक्षा बरंच स्वस्तात पडलं. म्युझियमबाहेर छत्र्यांना कुलूप लावायचे स्टँड असतात, छत्री अडकवायची, किल्ली खिशात. आणि अगदीच पाऊस नको असेल तर उत्तरेच्या होक्काइदो बेटावर जा, तिथे त्सुयू जवळपास नसतोच. फक्त फुजी बघायचा हट्ट असेल तर जून नको, ढगातून बाहेर येतच नाही तो.

घामाघूम
ऑगस्ट. नका जाऊ. 35 च्या वर तापमान, वर मुंबईसारखा दमटपणा, वादळांचा सीझन, आणि महिन्याच्या मध्यावर ओबोन (त्यांचा पितरांचा सण) म्हणजे परत सगळा देश प्रवासाला. आम्ही ऑफिसच्या रजेमुळे गेलो. दुपारी बारा ते चार मॉलमध्ये बसून काढायचे, ते तर फिनिक्सलाही काढता आले असते. एक गोष्ट मात्र मान्य, 16 तारखेला रात्री क्योतोच्या डोंगरांवर पाच ठिकाणी मोठमोठ्या आगी पेटवतात, पितरांना निरोप म्हणून, ते बघताना आईला आपला पितृपंधरवडाच आठवला.

दोनघास
दिवाळीच्या सुट्टीबद्दल लिहायलाच हवं, कारण आपल्याकडचे बरेच लोक इथे फसतात. क्योतोचे लाल मेपल बघायला म्हणून दिवाळीत जातात आणि तिथे सगळं हिरवंगार. क्योतोचा बहर नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबरची सुरुवात. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरच्या सुरुवातीला आली तर निक्को धरा. वर चुझेन्जी तळ्याकडे रंग आधी येतात, खाली देवळांपाशी नंतर, त्यामुळे कुठे ना कुठे सापडतोच. फक्त वर जाणाऱ्या इरोहाझाका घाटात त्या दिवसांत तुफान ट्रॅफिक, बस सकाळी पहिली पकडा.

आणि क्योतोला जाणाऱ्या सगळ्यांना, बहुतेक देवळं साडेचार-पाचला बंद होतात. रात्री रोषणाई असते ती मोजक्याच ठिकाणी.

मुळ्याचीभाजी
सासूबाई शाकाहारी आहेत का ते नाही लिहिलंत. सीझनपेक्षा मोठा प्रश्न तो! तिकडे मिसो सूप, उदोन (जाड नूडल्स), अगदी भाजीच्या रश्शातसुद्धा 'दाशी' म्हणजे चवीसाठी उकळून काढलेलं पाणी असतं आणि ते बहुतेक वेळा माशाचं. "नो फिश" म्हटलं की वरचा मासा काढून देतात, रस्सा तोच. आम्ही कोयासानला देवळात मुक्काम केला. ओसाकाहून ट्रेन आणि शेवटी केबल कार. जेवण पूर्ण शाकाहारी, भिक्षूंचं, तिळाचा तोफू इतका मऊ की आईने दुसरी वाटी मागितली (मिळाली नाही, तिथे सगळं मोजून मापून). संध्याकाळी साडेपाच-सहालाच जेवण आणि पहाटे प्रार्थना. डोंगरावर असल्यामुळे ओसाकापेक्षा पाच-सहा अंश थंड, नोव्हेंबरात जाणार असाल तर कानटोपी हवीच. तिथल्या विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे, 2015 साली बसवलेला, माझे बाबा तिथे बराच वेळ थांबले.

टोकियोत असाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेन देऊळ आहे, म्हणजे आपला गणपतीच, फक्त मूर्ती दाखवत नाहीत आणि नैवेद्याला मोदकाऐवजी मुळा. पायऱ्या आहेत पण थोड्या.

निशीकासाईकर
इथेच टोकियोत राहतो, दर सीझनला पाहुणे असतात, म्हणून थोडं कामाचं. (आमच्या एदोगावा वॉर्डात 2019 ला योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले होते, म्हणजे मराठी इथे नवीन नाही. किराणा, पोळ्या सगळं मिळतं, डबे-पीठ घेऊन येऊ नका. ताजी फळं सर्टिफिकेटशिवाय आणता येत नाहीत, त्यामुळे मे मध्ये येताना हापूस आणायचा मोह आवरा.)

जेआर पास (रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास) डोळे झाकून घेऊ नका. ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांचा साधा पास 29,650 वरून 50,000 येन झाला. टोकियो-क्योतो एकेरी साधारण 14,000, म्हणजे नुसतं जाऊन येऊन पैसे वसूल होत नाहीत. मोठी बॅग असेल, म्हणजे लांबी-रुंदी-उंची मिळून 160 सेंमीच्या वर, तर तोकाइदो शिंकान्सेनमध्ये त्यासाठी वेगळी सीट बुक करावी लागते. त्यापेक्षा ताक्क्यूबिनने (सामानाच्या कुरियरने) हॉटेल ते हॉटेल पाठवा, बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी पोचते. सासूबाई बरोबर असताना तर हेच करा.

जिन्यांबद्दल: स्टेशनात लिफ्ट असते पण बहुतेकदा एकाच एक्झिटला. मॅपमध्ये एक्झिट नंबर बघूनच बाहेर पडा, नाहीतर पाच मिनिटांचं चालणं वीस मिनिटांचं होतं. क्योतोच्या फुशिमी इनारी देवळाला सासूबाईंना वरपर्यंत नेऊ नका, खालच्या तोरींच्या (लाल कमानींच्या) रांगेतच छान फोटो येतात.

थंडीवाली
हिवाळ्याचं कोणी लिहिलंच नाही. जानेवारीत आकाश निळंशार, फुजी सगळ्यात जास्त याच दिवसांत दिसतो. डिसेंबरात टोकियोत साडेचारला सूर्य मावळतो, साप्पोरोत चारलाच, त्यामुळे दिवसाला दोनच ठिकाणं धरा. 1 ते 3 जानेवारी बरीच दुकानं, म्युझियमं बंद. शिराकावागो या डोंगरातल्या गावाच्या रोषणाईला आधी बुकिंग लागतं, असंच जाऊन चालत नाही. गुडघ्यांसाठी मात्र बर्फाळ रस्ते वाईट. सासूबाईंना न्यायचं तर मेच.